मधुमेह, मूत्रपिंड आणि झाडपाला

“आयुष्यभर गोळ्या खात बसणार काय? हे चूर्ण घ्या, साखर जाईल आणि किडनीही साफ होईल!” असा सल्ला देणारे प्रत्येक वस्तीत भेटतात. डायलिसिसच्या नावाने धास्तावलेले घर तो ऐकते आणि गोळ्या बंद होतात. झाडपाल्यात औषध नसते असे मुळीच नाही. पण कोणते, किती आणि कशाच्या जोडीला, हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की त्या खराब होतात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून जाऊ लागते. त्या वेळी दुखत-खुपत काहीच नाही. पायावर सूज दिसेपर्यंत बहुधा पुष्कळ उशीर झालेला असतो.

आता झाडाचीच एक हकिगत पाहा. १८३५ साली युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन हा कडू पदार्थ वेगळा काढला. त्याने साखर लघवीवाटे बाहेर पडते, हे १८८६ साली जर्मनीत दिसून आले. परंतु तोंडाने घेतल्यास तो अंगी लागत नव्हता. त्याच्या रचनेत बदल करीत अखेर कॅनाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन ही औषधे तयार झाली. २०१९ साली मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या ४,४०१ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष आला. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला कॅनाग्लिफ्लोझिन दिलेल्यांमध्ये मूत्रपिंड निकामी होणे, रक्तातील क्रिएटिनिन दुप्पट होणे किंवा मूत्रपिंड-हृदयविकाराने मृत्यू येणे, असा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी कमी आढळला. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट आपल्या देशात संपले आणि ते औषध स्वस्त झाले. मात्र कोणाला द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

हळदीचे काय? २०११ साली इराणमध्ये अशा ४० रुग्णांवर प्रयोग झाला. दोन महिने हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या लघवीतील प्रथिन कमी झाले. पण कॅनडात ५१९ मूत्रपिंडरुग्णांवर, ज्यांत बहुतेक मधुमेही होते, हळदीतील कर्क्युमिनची सहा महिने चाचणी झाली, तेव्हा फायदा दिसला नाही. भाजीतली हळद चालू द्या. तिच्या भरवशावर गोळी सोडू नका.

काही वनस्पती तर घातकच. बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ साली उघडकीस आले. त्यामागचे अॅरिस्टोलोकिक आम्ल आपल्याकडील ईश्वरी या वनस्पतीतही असते. ‘झाडपाला आहे, अपाय काय होणार?’ हा समज म्हणूनच सोडला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, घरात मधुमेही असेल तर वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तदाब मोजा. काढा, चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. चूर्णाच्या पुडीवर खर्च करण्याआधी तपासणीवर करा. वेळीच कळले तर मूत्रपिंड वाचवता येते.