धूळ किती उंच चढते?

हिवाळ्यात सकाळी सिंहगडावरून पाहिलं, तर पुण्यावर करडा थर साचलेला दिसतो; गडावर मात्र आभाळ निळंशार. रात्रभर जमीन निवते, तिच्यालगतची गार, जड हवा हलत नाही आणि धूर-धूळ खालच्या काहीशे मीटरांतच कोंडते.

एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीवरून हवा जोरात उसळते. कण दोन-तीन किलोमीटरपर्यंत चढतात, त्यात राजस्थानातून आणि अरबस्तानातून आलेली धूळ मिसळते. खाली बरं वाटतं, पण वर आकाश पांढुरकं. नुसतं जमिनीवरचं यंत्र बघून ‘हवा सुधारली’ म्हणणं म्हणूनच घाईचं. बरेचदा धूळ फक्त जास्त उंचीत वाटली गेलेली असते.

पावसाच्या सरी खालची हवा धुऊन काढतात. त्याच वेळी मान्सूनचे उंच ढग कण आणि वायू वर उपसतात. त्यातून भारत, चीन ते पश्चिम आशियापर्यंत सुमारे १३ ते १८ किलोमीटर उंचीवर सूक्ष्मकणांचा विरळ थर तयार होतो. २००६ साली सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाच्या लेझरमुळे तो लक्षात आला. डोळ्यांना तो दिसत नाही, आणि मान्सून परतला की विरतो.