कुपवाडचं वाक्य आणि कोरियाची चौकट

कोल्हापुरातून सांगलीमार्गे कुपवाडला जायचं तर पन्नासेक किलोमीटर पडतात. आज तिथं औद्योगिक वसाहत आहे आणि १९९८ पासून गाव सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आहे. आपल्याकडं कुपवाडची ओळख एवढीच. पण जगात कुठंही भाषाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा. कोल्हापूर-सांगली त्याला नकाशावर सापडणार नाही कदाचित, कुपवाड मात्र त्यानं अभ्यासलेलं असतं.

याला कारण आहे १९७१ साली छापला गेलेला एक शोधनिबंध. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन हे त्याचे लेखक. त्यांनी पाहिलेलं कुपवाड तीनेक हजार वस्तीचं खेडं होतं आणि गावात चार भाषा नांदत होत्या. जैन जमीनदार आणि लिंगायत मंडळी घरात कन्नड बोलत, मुस्लिम उर्दू, दलित वस्ती मराठी, आणि दोर वळणारी काही घरं तेलुगू. एकमेकांशी व्यवहार करताना गाव प्रामुख्यानं मराठीकडं वळायचं. बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा सहज यायच्या आणि दिवसातून कितीतरी वेळा ते एकीतून दुसरीत जायचे.

या निबंधातलं एक वाक्य पुढं फार गाजलं. वाक्य अगदी साधं, शेतावरचं:

पाला जरा कापून घेऊन आलो.

कुपवाडच्या उर्दूत तेच असं: पाला जरा काट के ले के आया. कन्नडात 'पाला', 'कापून', 'घेऊन', 'आलो' यांना वेगळे शब्द आहेत. पण प्रत्येक शब्दाची आणि प्रत्येक प्रत्ययाची जागा तीच. आधी वस्तू, मग 'जरा', मग कापण्याची क्रिया तिच्या जोडणाऱ्या प्रत्ययासह, मग घेण्याची तशीच, आणि शेवटी येणं. एक ओळ उचलून दुसरीवर ठेवली तर तुकड्याला तुकडा जुळतो. लेखकांचा निष्कर्ष असा की गावात बोलल्या जाणाऱ्या या भाषांची वाक्यरचना वरवर पाहता एकच झाली आहे. वेगळे उरलेत ते शब्द.

कन्नड द्राविडी कुळातली, मराठी आणि उर्दू आर्यभाषांच्या कुळातल्या. त्यांची व्याकरणं मुळात बरीच वेगळी. प्रमाण कन्नडात 'हे तुमचं घर' एवढं म्हटलं की वाक्य पुरं होतं; कुपवाडच्या कन्नडनं मराठीसारखा शेवटचा 'आहे' घेतला. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक आहे: समोरच्याला धरून की सोडून. प्रमाण उर्दूत हा भेद नाही; कुपवाडच्या उर्दूत तो आला. कुणी ठरवून केलं नाही. सकाळी घरात एक भाषा, दुपारी रानात दुसरी, संध्याकाळी बाजारात तिसरी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं, आणि माणसांनी शब्द तेवढे जपले. शब्दावरून आपण कोण हे कळतं, म्हणून तो सोडायचा नसतो. वाक्य कसं बांधलंय याकडं मात्र कुणाचं लक्ष नसतं. त्यामुळं बांधणी हळूहळू एकमेकींकडं सरकत गेली.

आता याच वाक्याला घेऊन थेट सोलपर्यंत जाऊ. पाल्याऐवजी गवत धरू. कोरियन माणूस म्हणेल:

फुरुल जोम बेऑ गाजिगो वास्सॉ.

'फुल' म्हणजे गवत, त्याला लागलेला 'उल' हा कर्माचा प्रत्यय. 'जोम' म्हणजे जरा. आपला 'जरा' जसा नेहमी प्रमाण सांगत नाही, बोलणं मऊ करतो, तसाच हाही. 'बेऑ' म्हणजे कापून. 'गाजिगो' म्हणजे घेऊन. 'वास्सॉ' म्हणजे आलो. गवत जरा कापून घेऊन आलो. 'मी' आपणही म्हटला नाही, त्यानंही म्हटला नाही.

मला हे पहिल्यांदा ओळीखाली ओळ मांडून दिसलं तेव्हा कितीतरी वेळ नजर हलली नाही, आणि आजही तो आनंद ओसरलेला नाही. कुपवाडच्या मराठी, कन्नड आणि उर्दू एका वेशीच्या आत शेकडो वर्षं एकमेकींत घोळल्या होत्या. मराठी आणि कोरियन यांची तर गाठही पडलेली नाही. त्यांचं नातंही नाही. उलट नात्यानं पाहिलं तर मराठीची दूरची बहीण इंग्रजी; दोघी भारत-युरोपीय कुळातल्या. तरी हेच वाक्य इंग्रजीत न्यायचं तर सगळी उलथापालथ करावी लागते: 'मी' आधी, क्रिया मध्ये, वस्तू नंतर, दोन क्रिया जोडायला 'आणि', वर पुन्हा त्या पाल्यासाठी एक सर्वनाम. कुळातली बहीण परक्यासारखी वागते, आणि जिच्याशी रक्ताचा संबंध नाही ती चौकटीत चौकट बसवते.

या कोड्यावर शिकागो विद्यापीठाचे कॉलिन मसिका यांनी १९७६ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांनी काही लक्षणं निवडली: वाक्यातला क्रम, 'करणे-करवणे' सारखी प्रयोजक रूपं, 'करून-जाऊन' सारखी धातुसाधितं, संयुक्त क्रियापदं, आणि 'मला भूक लागली' या धर्तीची वाक्यं. मग एकेक लक्षण जगाच्या नकाशावर कुठवर पसरलंय ते रेखाटलं. रेषा भारताच्या सीमेवर थांबल्या नाहीत. यांतली कित्येक लक्षणं हिमालयापलीकडं मध्य आशियात, तिथून पुढं कोरिया-जपानपर्यंत भेटत गेली. चीन आणि आग्नेय आशिया मात्र बऱ्याच बाबतींत बाहेर राहिले.

यातला काही भाग तर्कानंही उलगडतो. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये ३० भाषा तपासून दाखवलं की क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषा बहुतेक वेळा संबंध दाखवणारे शब्दही नामाच्या मागं लावतात. त्यांच्या यादीत कन्नड, हिंदी, जपानी, तुर्की होत्या. 'घरामागे' यातला 'मागे' घराच्या नंतर येतो, कोरियनमध्येही तसंच. विशेषणासारखं वापरलेलं अख्खं वाक्य नामाच्या आधी येतं: 'काल घेतलेलं पुस्तक' हे कोरियनमध्ये 'ऑजे सान छॅक', काल-घेतलेलं-पुस्तक. एक गोष्ट शेवटी गेली की बाकीच्या तिच्यामागून रांगेत बसतात.

पण तर्कानं न उलगडणारी गंमत पुढं आहे. आई मुलाला म्हणते, 'खाऊन बघ.' इथं डोळ्यांचं काहीच काम नाही. 'बघ' म्हणजे प्रयत्न कर. कोरियन आई म्हणते 'मॉगॉ ब्वा': खाऊन बघ. तिचं 'ब्वा' हेही बघण्याचंच क्रियापद. 'लिहून दे' म्हणजे माझ्यासाठी लिही. कोरियन 'स्सॉ ज्वॉ', लिहून दे. 'लिहून ठेव' मधलं पुढच्या सोयीसाठी ठेवणं तिकडंही ठेवण्याच्याच क्रियापदानं येतं. आणि 'खाऊन टाकलं'? कोरियन 'मॉगॉ बॉर्यॉस्सॉ'. इथलं 'बॉरिदा' म्हणजे फेकून देणं, टाकणं. बघणं, देणं, ठेवणं, टाकणं: चार रोजची क्रियापदं आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्या क्रियेच्या पाठीवर बसली, आणि दोन्हीकडं जवळपास त्याच कामाला लागली.

या क्षेत्रात आपल्या एका माणसानं मोठं काम केलं आहे. प्रशांत परदेशी हे मराठी भाषक संशोधक जपानच्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत प्राध्यापक. त्यांनी पीटर हूक आणि इतर सहकाऱ्यांबरोबर आशियातल्या भाषांमधल्या 'खाणे' या क्रियापदाचा माग काढला आणि २००६ मध्ये तो नकाशावर मांडला. आपण मार खातो, बोलणी खातो, लाच खातो. कोरियन माणूसही शिव्या खातो आणि लाच खातो. शिवाय तो भीतीही खातो, आणि वयसुद्धा खातो. मराठीचा कान घेऊन पूर्व आशियाकडं पाहिलं म्हणून हे प्रश्न सुचतात, असं मला मनापासून वाटतं.

इथंवर माणसांच्या भाषा झाल्या. यंत्रांच्या काही भाषाही याच दिशेनं चालतात, हे कळल्यावर तर थक्क व्हायला होतं.

शाळेत आपण (५ + ७) × २ असं लिहितो. कंस काढला तर उत्तर बदलतं. १९२० च्या दशकात यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञानं चिन्ह आधी लिहून कंसातून सुटका करून घेतली. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स हॅम्बलिन यांनी, इतर काहींप्रमाणेच, ती पद्धत उलटी केली: आकडे आधी, क्रिया शेवटी. मग तेच गणित असं होतं: ५ ७ + २ ×. आता हे मराठीत वाचा. पाचात सात मिळव, त्याला दोननं गुण. एक अक्षर इकडचं तिकडं करावं लागत नाही.

यंत्र हे कसं सोडवतं ते पाहा. त्याच्याजवळ भाकऱ्यांची चळत असते तशी आकड्यांची चळत असते. ठेवायचं वरून, काढायचंही वरून. ५ आला, ठेवला. ७ आला, त्यावर ठेवला. + आला की वरचे दोन काढायचे, १२ करून परत ठेवायचे. २ ठेवला. × आला, दोन्ही काढले, २४. मागं वळून पाहणं नाही, कंस नाही. १९७२ चा एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर असाच चालायचा. छपाईच्या जगात १९८० च्या दशकात आलेली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा अशीच. पायथन किंवा जावामध्ये आपण 'अ + ब' असं लिहिलं, तरी त्याचं आतल्या आज्ञांत रूपांतर होताना क्रम होतो: अ ठेव, ब ठेव, मिळव.

आता कुपवाडचं वाक्य याच चळतीवर चालवू. 'पाला' ठेवला. 'कापून' आलं, त्यानं पाला उचलला आणि कापलेला पाला परत ठेवला. 'घेऊन' आलं, त्यानं तो हातात घेतला. 'आलो' आलं आणि काम संपलं. 'आणि' लागला नाही, सर्वनाम लागलं नाही. प्रत्येक क्रियेला तिचा ऐवज आधीच तयार मिळत गेला. माणसाचा मेंदू चळतीवर चालतो असा याचा अर्थ नव्हे, आणि मराठी ही संगणकाची भाषा आहे असाही नव्हे. माणूस वाक्याच्या मध्यावर शेवट ओळखतो, शब्द पुढंमागं करतो, अर्धवट सोडून देतो. यंत्राला यातलं काही चालत नाही. पण आधी सामान, मग कृती ही शिस्त दोघांनाही उपयोगी पडली, एवढं खरं. इंग्रजीतून हिंदीत यंत्रानुवाद करताना मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की इंग्रजी वाक्यातले शब्द आधी आपल्या क्रमानं लावून घेतले की अनुवाद सुधारतो. यंत्रालाही आधी इंग्रजीची घडी मोडावी लागली.

म्हणूनच कोरियन शिकवण्याच्या पद्धतीबद्दल बोलावंसं वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव घेतलं आहे. रांजणगावात एलजीचा, माणगावजवळ पॉस्कोचा कारखाना आहे. कोरियन मालिका तर घराघरांत पोचल्या. शिकायची इच्छा आहे. पण बाजारातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून लिहिलेली. अमेरिकेची परराष्ट्र सेवा संस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी कोरियन सर्वांत अवघड भाषांच्या गटात धरते आणि सुमारे २२०० तासांचं शिक्षण लागेल असं सांगते. हा हिशोब इंग्रजी कानांचा आहे. त्यातला काही वेळ वाक्य उलटं करायला, नामामागं प्रत्यय लावायला, क्रियेच्या पाठीवर दुसरी क्रिया बसवायला जातो. कोल्हापूरच्या पोराला हे सगळं पाळण्यापासून येतं. मोठ्यांना मान द्यायचा तर क्रियापद बदलतं, हे त्याला सांगावं लागत नाही: 'आजी आल्या' म्हणायचं, 'आजी आली' नव्हे. वाक्याच्या शेवटी एखादा अव्यय लावून बोलण्याचा सूर बदलायचा, हे तर 'ये की', 'बसा की' म्हणणाऱ्या माणसाला कुणी शिकवायचं? कोरियनही आदर आणि सूर असेच शेवटी लावते: 'वा' म्हणजे ये, 'वायो' म्हणजे या.

अडचणी आहेतच. मराठीत 'मी आलो' की 'मी आले' यावरून बोलणारा पुरुष की बाई हे कळतं; कोरियन क्रियापद हे सांगत नाही. तीन लिंगं सोडून द्यायला शिकावं लागतं. उच्चारांत आपल्याला नसलेले स्वर आहेत. शब्दसंग्रह तर शून्यापासून जमवायचा. तिथं मेहनतीला पर्याय नाही, आणि वाचलेले तास तिथंच घालायचे असतात.

त्यासाठी मराठीतून लिहिलेलं कोरियनचं पुस्तक हवं. सीमाभागाच्या बोली शिवाजी विद्यापीठाच्या दाराशी आहेत. दोन-तीन भाषांतून सहज ये-जा करणारी मुलं कागल, गडहिंग्लज, शिरोळच्या वर्गांत बसलेली आहेत. पहिल्या आठवड्यात या मुलांना इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञा देऊ नयेत. 'करून बघ, करून दे, करून ठेव, करून टाक' ही चार रूपं फळ्यावर लिहावीत, त्यांखाली कोरियन ओळी लिहाव्यात आणि जोड्या त्यांनाच लावू द्याव्यात. ज्या भाषेला जग अवघड म्हणतं तिचं अर्धं व्याकरण आपण रोज जेवताना वापरतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढची पानं ते आपण होऊन उलटतं. आणि आपली बोली अडाणी आहे असं त्याला आजवर कुणी सांगितलं असेल, तर त्याचं उत्तरही त्याच फळ्यावर लिहिलेलं असेल.