सिंहाची गर्जना आणि डॉक्टरांची झोळी

वैद्यकीय व्यवसायातील मंडळींना देणग्या गोळा करण्याचे काम नवे नाही. रक्तपेढी असो, नेत्रशिबिर असो वा एखाद्या गरीब रुग्णाच्या हृदयशस्त्रक्रियेचा खर्च असो, पावतीपुस्तक घेऊन ओळखीच्या दारी उभे राहण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर आलेला आहे. काल ज्याचा रक्तदाब तपासला, त्याच्याचकडे आज पैसे मागताना जो संकोच वाटतो, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकविलेला नसतो. तरीही माणसांच्या उपचारांसाठी मागताना एक सोय असते. ‘हे कशासाठी?’ असे कुणी विचारत नाही. वाघाच्या मांसासाठी किंवा हत्तीच्या निवाऱ्यासाठी मागावयास निघालेल्या माणसाला मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो : माणसांनाच पुरत नाही, तेथे जनावरांचे काय घेऊन बसलात?

हा प्रश्न आयुष्यभर ऐकून घेण्याचे काम ज्याने पत्करले, तो एक शल्यचिकित्सक होता. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील जगप्रसिद्ध प्राणिसंग्रहालय डॉ. हॅरी वेजफोर्थ यांनी उभे केले, ही गोष्ट आपल्याकडील डॉक्टरांना फारशी ठाऊक नाही. ती ठाऊक व्हावी, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

सन १९१५ आणि १९१६ ही दोन वर्षे सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये मोठे प्रदर्शन भरले होते. पनामा कालवा खुला झाल्याचा तो उत्सव. प्रदर्शनात लोकांच्या करमणुकीसाठी काही जनावरेही पिंजऱ्यांत ठेवलेली होती. १६ सप्टेंबर १९१६ रोजी शस्त्रक्रिया आटोपून डॉ. हॅरी आपले बंधू डॉ. पॉल यांच्यासह मोटारीने परतत असताना त्यांना सिंहाची गर्जना ऐकू आली. या शहराला स्वतःचे प्राणिसंग्रहालय असावे, असे त्यांच्या मनात आले. ते त्यांनी भावाजवळ बोलून दाखविले आणि आपणच ते सुरू करू असेही सांगून टाकले. असे विचार आपल्यालाही प्रवासात सुचतात आणि घर येईपर्यंत विरूनही जातात. डॉ. हॅरींनी मात्र थेट ‘सॅन डिएगो युनियन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन शहर-संपादकाला ही कल्पना सांगितली आणि ती छापून आणविली. हातात एक पैसा नाही, एक प्राणी नाही, जागा नाही. पण बातमी मात्र छापली गेली. निधिसंकलन आणि जनसंपर्क ही दोन कामे एकाच माणसाने एकाच खुर्चीत बसून का करावीत, याचे उत्तर येथेच आहे.

२ ऑक्टोबर १९१६ रोजी संस्था स्थापन झाली. पाच संस्थापकांपैकी वेजफोर्थ बंधू, डॉ. फ्रेड बेकर आणि नौदलातील डॉ. जोसेफ थॉम्पसन असे चौघे डॉक्टर होते. पाचवे फ्रँक स्टीफन्स हे निसर्ग-अभ्यासक. बेकर यांना शिंपल्यांचा छंद, तर थॉम्पसन यांना सापांचा. आपल्या मंडळातही नाटक, संगीत, नाणीसंग्रह अशा नादांची माणसे आहेत. तेव्हा या पंचकडीची वैठक कशी रंगत असेल, याची कल्पना वाचकांना सहज करता येईल.

प्रदर्शन संपल्यावर मागे राहिलेली जनावरे हे पहिले भांडवल. १९२१ साली शहराने बाल्बोआ पार्कमधील मोठा भूभाग कायमचा देऊ केला आणि त्या वेळी जो करार झाला, तो आजही अभ्यासण्याजोगा आहे. जनावरे आणि इमारती यांची मालकी शहराची, कारभार मात्र सर्वस्वी संस्थेचा. डॉ. हॅरींनी मालकी सोडली आणि स्वायत्तता राखली. नगरपालिकेच्या दवाखान्यांत ज्यांनी नोकऱ्या केल्या आहेत, त्यांना या वाटणीचे मोल सांगावयास नको.

जमीन मिळाली, पण ती उघडी. कुणीही कोठूनही आत येत असे. प्रवेशमूल्य घ्यावयाचे तर आधी कुंपण हवे, आणि कुंपणासाठी पैसा हवा. येथे एलेन ब्राउनिंग स्क्रिप्स यांचा प्रवेश होतो. १८३६ साली लंडनमध्ये जन्मलेल्या, वृत्तपत्रांच्या व्यवसायातून धन मिळविलेल्या आणि अविवाहित राहिलेल्या या वृद्धेने रुग्णालय, महाविद्यालय, सागरविज्ञान संस्था अशा कितीतरी कामांना हात दिला होता. प्राणिसंग्रहालयाला त्यांनी प्रथम दिले ते कुंपणासाठी. मला या देणगीचे विशेष वाटते. सिंहाच्या गुहेवर नाव कोरून घेण्यास देणगीदार पुष्कळ मिळतात. तारेच्या कुंपणावर नाव कोण कोरणार? पण त्या कुंपणामुळे दाराशी दहा सेंटचे तिकीट लावता आले आणि संस्थेला नियमित उत्पन्नाचा पहिला झरा लागला. मुलांना प्रवेश विनामूल्यच राहिला. पुढे बाईंनी पक्ष्यांसाठी प्रचंड उडता पिंजरा बांधून दिला, आणि १९२७ साली प्राण्यांचे रुग्णालय व संशोधनगृहही त्यांच्याच पैशांतून उभे राहिले.

सगळेच देणगीदार असे नसतात. साखर आणि जहाजे यांच्या व्यापारातून गब्बर झालेले जॉन स्प्रेकल्स हे शहरातील बडे प्रस्थ. वर उल्लेखिलेले वृत्तपत्रही त्यांच्याच मालकीचे. हत्तींसाठी पैसे मागावयास डॉ. हॅरी गेले, तेव्हा हत्ती पांढरे असतील तर देतो, असे स्प्रेकल्स थट्टेने म्हणाले, अशी कथा तेथे अजून सांगितली जाते. १९२३ साली एम्प्रेस आणि क्वीनी या दोन हत्तिणी आल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पांढरी भुकटी फासून शेठजींपुढे उभे केले. शेठजी हसले आणि पैसे दिले. विनोदाला विनोदाने उत्तर देणे हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे असे, की डॉक्टरांनी नकारातला शब्द न् शब्द ध्यानात ठेवला होता. चांगला रोगनिदानकार जसा रुग्णाच्या तक्रारीपेक्षा त्याच्या बोलण्यातील एखाद्या सहज उद्गाराकडे अधिक लक्ष देतो, तसेच हे.

पैसा नसेल तेथे देवघेव. सॅन डिएगोच्या किनाऱ्यावर सागरसिंह विपुल आणि आसपासच्या रानांत खुळखुळे साप. इतर शहरांना हेच प्राणी अपूर्वाईचे. तेव्हा हे देऊन ते घ्यावे, असा व्यवहार सुरू झाला. १९२५ साली ऑस्ट्रेलियातून दोन कोआला आले, ते सिडनीच्या मुलांनी सॅन डिएगोच्या मुलांना दिलेली भेट म्हणून. प्राणी म्हणजे दोन शहरांमधील दूत, ही कल्पना तेव्हापासूनची.

याच वर्षी हिशेब लिहिण्यासाठी बेल बेंचली नावाची एक बाई तात्पुरत्या नोकरीवर लागली. दोन वर्षांत साऱ्या कारभाराची सूत्रे तिच्या हाती आली. काम संचालकाचे असूनही पदनाम मात्र वर्षानुवर्षे ‘एक्झिक्युटिव्ह सेक्रेटरी’ असेच राहिले. बाईमाणसाला संचालक म्हणावयास त्या काळी जीभ रेटत नव्हती. १९५३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिने व्याख्याने दिली, लेख लिहिले, पुस्तके लिहिली आणि घराघरांत प्राण्यांची नावे पोहोचविली. १९३१ साली आलेले म्बोंगो आणि न्गागी हे दोन गोरिला नर-मादी म्हणून आणलेले; कालांतराने कळले की दोघेही नरच. अशी बातमी लपविण्याचा मोह कुणालाही झाला असता. पण लोकांना ते दोघे त्यांच्या नावांनी ठाऊक झाले होते आणि त्यांच्यावरील प्रेम तसूभरही कमी झाले नाही. आकडेवारीने देणगी मिळत नाही, नावाने मिळते, हे या हिशेबनिसाला बरोबर कळले होते.

महामंदीचे दिवस आले. १९३२ साली कराच्या थकबाकीपोटी तेथील कर-अधिकाऱ्याने चक्क प्राणिसंग्रहालयाचा लिलाव पुकारला. वाघ, सिंह, गोरिला यांच्यासह सारे विक्रीला! बोली बोलावयास मात्र कुणीही पुढे आले नाही. खाणाऱ्या इतक्या तोंडांसह विकत घेणार कोण, असा व्यवहारी विचारही त्यामागे असेल. तरी या प्रसंगाने एक गोष्ट उघड झाली, की श्रीमंतांच्या मर्जीवर आणि दाराशी जमणाऱ्या नाण्यांवर ही संस्था कायम चालणार नाही. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, शहराच्या मतदारांपुढे प्रस्ताव ठेवला गेला : मालमत्तेच्या दर शंभर डॉलर आकारणीमागे दोन सेंट एवढा कर खास प्राणिसंग्रहालयासाठी द्यावा. मंदीत होरपळलेल्या लोकांनी तो मंजूर केला. गेल्या अठरा वर्षांचा जनसंपर्क त्या एका मतदानात वसूल झाला असे म्हणावयास हरकत नाही. त्या शाळकरी मुलांचे आईबापच मतदार होते ना! पुढे दराचे गणित बदलले, परंतु मालमत्ता करातील तो वाटा आजही चालू आहे.

डॉ. हॅरी १९४१ साली वारले. त्यांच्यानंतरच्या काळात हे काम एका माणसाच्या झोळीचे राहिले नाही. त्याचे खाते झाले, कचेरी झाली. सभासदत्व, प्राणी दत्तक देणे, मोठ्या देणग्या, मृत्युपत्राने मिळणारा पैसा, नगरपालिकेशी आणि सरकारशी संबंध, वृत्तपत्रे, हे सारे सांभाळणाऱ्या प्रमुखाची सर्वांत मोठी कसोटी कोणती? वाघाच्या पिल्लासाठी पैसे मिळतात. गटाराच्या नळासाठी मिळत नाहीत. देणगीदार विशिष्ट कामासाठी पैसा देतो, आणि संस्था चालते ती बिनशर्त पैशावर. आपल्या धर्मादाय रुग्णालयांतही हेच दिसते. यंत्राला दाता मिळतो, परिचारिकेच्या पगाराला मिळत नाही.

१९७०च्या दशकात जोन एम्बरी ही तरुणी संग्रहालयाची ‘सदिच्छा दूत’ म्हणून जॉनी कार्सन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात प्राणी घेऊन येऊ लागली आणि सॅन डिएगोचे नाव अमेरिकेच्या दिवाणखान्यांत गेले. डॉक्टर वाचकांना मात्र दुसरी एक जोडी अधिक जवळची वाटेल. डॉ. कुर्ट बेनिर्श्के हे अपरेच्या विकृतिशास्त्रातील थोर अधिकारी पुरुष. त्यांनी १९७०च्या दशकात येथे संशोधन केंद्र उभारले आणि दुर्मीळ प्राण्यांच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवण्यास आरंभ केला. त्या वेळी या पेशींचे पुढे काय करावयाचे, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते. अशा कामासाठी पैसा मागणे म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूसाठी मागणे. त्यांचे चिरंजीव रोल्फ हे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅन डिएगोच्या संघाचे किकर. १९७९ साली त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसने गाठले, आतड्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, पोटावर इलिऑस्टॉमीची पिशवी आली. तशा अवस्थेत ते मैदानावर परतले आणि आणखी सात हंगाम खेळले. त्यांनीच ‘किक्स फॉर क्रिटर्स’ नावाची योजना काढली : आपण मारलेल्या प्रत्येक यशस्वी किकमागे चाहत्यांनी ठरावीक रक्कम दुर्मीळ प्राण्यांसाठी द्यावी. वडिलांची प्रयोगशाळा आणि मुलाचा पाय, असा हा संयोग.

बाह्य संबंधांचे दुसरे टोक म्हणजे परराष्ट्रनीती. १९९६ साली चीनमधून आलेले पांडा उसनवारीवर होते आणि अशा जोडीसाठी अमेरिकन संग्रहालये वर्षाला सुमारे दहा लाख डॉलर चीनला देत. २०१९ मध्ये उरलेले पांडाही परत गेले. २०२४ मध्ये युन चुआन आणि शिन बाओ ही नवी जोडी आली. पांडा लोक खेचून आणतो, हे खरे. पण त्याचे भाडे, बांबू आणि निगा यांचा हिशेब मांडला तर फायदा किती उरतो याविषयी मला शंका आहे.

आणि संकट आले म्हणजे? २०१४ मध्ये कोपनहेगनच्या संग्रहालयाने मारियस नावाचा निरोगी तरुण जिराफ अंतःप्रजनन टाळण्याच्या कारणास्तव मारला. जगभर संताप उसळला, पण तेथील अधिकाऱ्यांनी कॅमेऱ्यांसमोर उभे राहून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. २०१६ मध्ये सिनसिनाटीत खंदकात पडलेल्या मुलाला वाचविण्यासाठी हरांबे नावाचा गोरिला गोळी घालून मारावा लागला, तेव्हा थट्टामस्करीच्या माऱ्याने हैराण होऊन संस्थेने आपले ट्विटर खाते काही काळ बंद केले. रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांसमोर जाण्याचे धैर्य आणि मागच्या दाराने निघून जाण्याचा मोह, दोन्ही आपल्याला परिचित आहेत.

आपल्याकडे बडोद्याचे सयाजीबागेतील प्राणिसंग्रहालय १८७९ पासूनचे, म्हणजे सॅन डिएगोपेक्षा कितीतरी जुने. म्हैसूरचे १८९२ चे. दोन्ही राजाश्रयाने जन्मली. म्हैसूरने प्राणी दत्तक योजना चांगली रुजविली आहे. एखाद्या पक्ष्याचा वर्षाचा खर्च मध्यमवर्गीयालाही पेलतो, आणि वाढदिवसाला केक कापण्याऐवजी मोराचे पालकत्व घेणारी माणसे तेथे आहेत. सयाजीबागेत रविवारी नातवंडांना नेणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांनी आजवर तिकिटापलीकडे काही दिले असेल?

बेनिर्श्के २०१८ साली निवर्तले. १९८० साली गोठविलेल्या पेशींपासून २०२० मध्ये प्रझेवाल्स्की जातीच्या रानघोड्याचे एक शिंगरू जन्मास आले. त्याचे नाव ‘कुर्ट’ ठेवण्यात आले.