आधी सभा, मग जंगल

महाराष्ट्रातल्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुका आहे. त्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव. निसर्गाला धरून जगणारी गावं कशाच्या बळावर टिकतात, हे समजून घ्यायचं तर या गावाची घडण पाहावी.

२००९ मध्ये मेंढ्याला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गाव मात्र त्याच्या फार आधीपासून तयारीत होतं. इचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं. त्यातून देवाजी तोफांसारखे कार्यकर्ते पुढे आले. गावात दारूबंदी झाली, बाया ग्रामसभेत बोलू लागल्या. बहुमताने ठराव करायचा नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, अशी रीत पडली. हे गावाचं पहिलं बळ.

यात वेळ जातो, पण तो वाया जात नाही. मतदानात हरलेला माणूस ठराव आपला मानत नाही. सहमतीत त्याचाही शब्द गुंतलेला असतो. जंगल राखायला गावकरी स्वतः उभे राहतात ते त्यामुळे.

दुसरं बळ अभ्यासाचं. सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावात अभ्यासगट चालले. कायदा काय सांगतो, जंगलात काय उरलंय, यावर तिथे चर्चा व्हायची. बाहेरच्याने माहिती द्यावी, निर्णय ग्रामसभेने घ्यावा, ही मर्यादा दोन्ही बाजूंनी पाळली.

तिसरं बळ कमाईचं. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. जंगल राखणाऱ्यालाच त्याचं उत्पन्न मिळू लागलं. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदान स्वीकारून जमिनीची मालकीही ग्रामसभेकडे दिली.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावातही हेच दिसतं, फक्त तिथे प्रश्न जंगलाऐवजी पाण्याचा आहे. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात, आणि तेही ग्रामसभेतच.

झाडं लावायला, बंधारे बांधायला निधी मिळतो. एकत्र बसून ठरवायची सवय मात्र गावालाच लावून घ्यावी लागते. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारा, आणि तिथे जाऊन बसा.