आगकाड्या चालू लागतात तेव्हा...

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, समोर कॅमेरा रोखून, महिनाभराहून अधिक काळ ते रोज एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर तोच दाणा काही क्षणांत अंकुरला आणि त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या लघुपटामुळेच पुढील चित्रपटासाठी कर्जाऊ भांडवल देणारे पुढे आले. १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी निर्जीव काड्यांनाही हालते-चालते केले.

फाळक्यांची ही विद्या आज घराघरांत शक्य आहे. वस्तू किंचित सरकवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. ही छायाचित्रे वेगाने एकापाठोपाठ एक दाखवली की वस्तू स्वतःच चालल्याचा भास होतो. यालाच ‘स्टॉप मोशन’ म्हणतात.

साहित्य घरातलेच पुरते: नाणी, गुंड्या, पुठ्ठ्याच्या आकृत्या, गुल नसलेल्या काड्या. मोबाइल मात्र स्टँडवर घट्ट बसवावा. तो केसभर हलला तरी सारे चित्र थरथरते. खिडकीचा प्रकाश ढगांबरोबर बदलतो, म्हणून पडदे ओढून दिव्याच्या स्थिर उजेडात काम करावे. मोबाइलमधील प्रकाश व फोकस एकदा ठरवून कायम ठेवावेत. छायाचित्र घेताना आपली सावली चौकटीत पडू देऊ नये. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारख्या ॲपमध्ये आधीचे चित्र पुसटसे दिसत राहते, त्यामुळे वस्तू किती सरकवायची याचा नेमका अंदाज येतो.

आता थोडा हिशेब. चित्रपटगृहातील चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. घरच्या प्रयोगाला १२ पुरेत. म्हणजे दहा सेकंदांच्या गोष्टीसाठी १२० छायाचित्रे लागतील. एखादे नाणे २४ सेंटिमीटर अंतर दोन सेकंदांत कापणार असेल, तर दर चित्रागणिक ते सरासरी एक सेंटिमीटर सरकेल. मात्र प्रत्येक वेळी तेवढेच सरकवले, तर चाल यांत्रिक भासते. निघताना हळू, मध्ये वेगाने आणि थांबताना पुन्हा हळू, असे अंतर राखले की त्या नाण्यात जीव येतो. शेवटी तेच चित्र पाच-सहा वेळा घेतले, तर नजरेला विसावा मिळतो. संवाद आणि आवाज मागाहून जोडावेत.

या खेळाचे खरे मोल त्याच्या संथपणात आहे. मोबाइलवर क्षणाक्षणाला चित्र पालटणाऱ्या मुलाला येथे दहा सेकंदांसाठी सबंध दुपार द्यावी लागते. मध्येच हात लागून मांडणी विस्कटली, तर न रागावता शेवटचे चित्र पाहून ती पुन्हा लावावी लागते. या कामात वयाचीही अडचण नाही. आजोबांनी गोष्ट सांगावी, आईने पुठ्ठा कापावा, धाकट्याने बटण दाबावे आणि मोठीने चौकटींची नोंद वहीत ठेवावी. दुकानाच्या गल्ल्यावर उभ्या राहणाऱ्या पिढीला लागणारी चिकाटी आणि काटेकोरपणा अशा खेळातूनही अंगी बाणतो.

येत्या सुटीत प्रारंभ एका नाण्याने आणि दहा सेकंदांनी करावा. गोष्ट लहान असावी. पण अर्धवट सोडू नये.