लकवा : मुक्या जिवांनी शिकवलेला वेळेचा धडा

अचानक तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, जीभ अडखळते. ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणून आपल्याकडे आजही तेल चोळले जाते, अंगारा लावला जातो. त्यात लाखमोलाचे तास निघून जातात. हे तास इतके मोलाचे का, हे आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळले.

लकवा बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो; काही जणांत रक्तवाहिनी फुटते. 1970 च्या दशकात लंडनमध्ये बबून माकडांवर प्रयोग झाले. रक्तपुरवठा एका मर्यादेखाली गेला की मेंदूच्या पेशी काम थांबवतात, पण लगेच मरत नाहीत, असे त्यांतून दिसले. म्हणजे सुरुवातीच्या तासांत मेंदूचा काही भाग बंद पडलेला, तरी जिवंत असतो. रक्त वेळेत पोहोचले तर तो वाचू शकतो.

1985 मध्ये अमेरिकेतील डॉ. जस्टिन झिविन आणि सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत गुठळ्या पोहोचवल्या आणि लगेच टीपीए हे गुठळी विरघळवणारे औषध दिले. त्या सशांच्या मेंदूचे नुकसान कमी झाले. पुढे 1995 मध्ये 624 रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. 3 तासांच्या आत औषध मिळालेल्यांत, तीन महिन्यांनी अपंगत्व जवळजवळ न उरण्याची शक्यता किमान 30 टक्क्यांनी जास्त होती. मात्र औषधाने 100 पैकी सुमारे 6 जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. म्हणूनच आधी सीटी स्कॅन करावा लागतो. 2008 मध्ये युरोपातील चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली.

प्राण्यांत गुण आला म्हणजे माणसात येतोच असे नाही. एनएक्सवाय-059 हे औषध उंदीर आणि मार्मोसेट माकडांत चालले. पण 2007 मध्ये 3,000 हून अधिक रुग्णांच्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले. प्रयोगशाळेतला उंदीर बहुधा तरुण, निरोगी असतो आणि त्याला औषध लवकर मिळते. आपला माणूस वयस्क असतो, त्याला बीपी-शुगर असते आणि तो दवाखान्यात उशिरा पोहोचतो. वय आणि आजार एका दिवसात बदलता येत नाहीत. उशीर मात्र आपल्या हातात आहे.

घरात काय कराल?

• हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. एकही गोष्ट अचानक बिघडलेली दिसली तर लगेच 108 ला फोन करा.
• माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ डॉक्टरांना सांगा. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर झोपायला गेल्याची वेळ सांगा.
• पाणी, जेवण, गोळी काहीही देऊ नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. रक्तस्राव असेल तर रक्त पातळ करणारी गोळी घातक ठरते.
• थोड्या वेळाने बरे वाटले तरी दवाखाना टाळू नका. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.
• सीटी स्कॅन आणि गुठळीवरचे इंजेक्शन जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते, ते आजच विचारून ठेवा.

मुक्या जिवांवरचे प्रयोग म्हटले की मनाला बोचते. त्यांच्या वेदनेतून मिळालेले हे ज्ञान निदान वाया जाऊ देऊ नका. बीपीची गोळी रोज घ्या, तंबाखू सोडा, आणि लकव्याची शंका आली की आधी घड्याळाकडे बघा.