सवयीला आकार कोण देतं?

भांबुर्डीचा पाला ओळखता का तुम्ही? बांधावर, पडीक जमिनीवर आपोआप उगवतो आणि त्याला चांगलाच उग्र वास येतो. हा पाला लातूरच्या एखाद्या मुलीच्या नाकाशी धरा. ती म्हणेल, "कसलं तरी औषध दिसतंय." आता तोच पाला पेणच्या किंवा रोह्याच्या मुलीच्या नाकाशी धरा. तिच्या तोंडाला पाणी सुटेल! पाला तोच, वासही तोच. मग एकीच्याच तोंडाला पाणी का सुटावं?

रायगडच्या मुलांनी उत्तर केव्हाच ओळखलं असेल. पोपटी!

भातकापणी झाली की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत शेंगा भरल्या की पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. कुणी बटाटे घालतं, कुणी अंडी, कुणी कोंबडी. वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. आतल्या वाफेवर शेंगा शिजतात. मडकं उघडलं की आधी येतो तो भांबुर्डीचा वास, आणि मग हातात पडतात गरमागरम शेंगा.

आधी वास, मग शेंगा. दर हिवाळ्यात हाच क्रम. मेंदू तो टिपून ठेवतो आणि एके दिवशी नुसता पाला चुरगळला तरी तोंडातल्या लाळग्रंथी कामाला लागतात. त्यांना कुणी हुकूम दिलेला नसतो. तुम्ही ठरवून तोंडाला पाणी आणलेलं नसतं. शरीराने अंदाज बांधलेला असतो, "आता खायला मिळणार, तयार राहा!"

हा अंदाज कसा बांधला जातो, हे शोधायला एका शास्त्रज्ञाने आयुष्याची अनेक वर्षं दिली. त्याचं नाव इव्हान पावलोव्ह. तो रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात काम करायचा. खरं तर तो अभ्यास करत होता पचनाचा, आणि त्या कामासाठी 1904 साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळालं. कुत्र्यांना खाणं दिल्यावर किती लाळ सुटते, हे तो नळीतून गोळा करून मोजायचा. तेव्हा एक गंमत त्याच्या लक्षात आली. खाणं तोंडात पडण्याआधीच कुत्र्यांना लाळ सुटत होती! खाणं आणणारा माणूस दिसला तरी सुटायची, त्याच्या पावलांचा आवाज आला तरी सुटायची.

दुसरा कुणी म्हणाला असता, "ही कुत्री माझी मोजमापं बिघडवतायत." पावलोव्हने मात्र त्या 'बिघाडा'चाच अभ्यास सुरू केला. संगीत शिकणाऱ्यांसाठी ठेका धरणारं एक टिकटिक करणारं यंत्र असतं, मेट्रोनोम. पावलोव्हने आधी ते वाजवायचं आणि लगेच खाणं द्यायचं, असं पुन्हा पुन्हा केलं. काही दिवसांनी खाणं न देताही, नुसत्या टिकटिकीला कुत्र्याला लाळ सुटू लागली. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत या शिकण्याला 'अभिजात अभिसंधान' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अर्थ सोपा. दोन गोष्टी एकापाठोपाठ येत राहिल्या की पहिलीला आपण दुसरीची खूण मानू लागतो.

पावलोव्हला आणखीही काही सापडलं. टिकटिक वाजत राहिली पण खाणं येईनासं झालं, तर लाळ हळूहळू कमी होत जाते. याला 'विलोपन' म्हणतात. आणि नवल म्हणजे, मध्ये थोडी विश्रांती देऊन पुन्हा टिकटिक वाजवली तर लाळ पुन्हा थोडी सुटते! म्हणजे जुनं शिक्षण पुसलं गेलेलं नव्हतं. ते मागे सरकून बसलं होतं.

आता स्वतःकडे बघा. रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. लहानपणापासून ज्यांनी त्या गर्दीतला आनंद अनुभवला आहे, त्यांना दुसऱ्याच कुठल्या गावी ढोल-सनईचे तसे सूर ऐकू आले तरी अंगावर काटा येतो. पेणमधल्या एखाद्या घरी पोह्याचा पापड भाजायला घेतला की आतल्या खोलीतलं पोरगं हाक न मारताच स्वयंपाकघरात हजर होतं. मासे कापायला विळी मांडली की तिच्या आवाजाला मांजर धावत येतं. सगळीकडे तीच खूण आणि तोच अंदाज.

काही वेळा तर हे शिक्षण एका फटक्यात होतं. समजा, एखाद्या मुलाने एसटी स्टँडवर वडापाव खाल्ला, बस आंबेनळी घाटात शिरली आणि त्याला गाडी लागली. उलटी झाली घाटातल्या वळणांमुळे, पण पुढे कित्येक महिने त्याला वडापावचा वास नकोसा वाटतो. जॉन गार्सिया या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1955 साली उंदरांवर असाच प्रयोग केला. उंदरांनी गोड पाणी प्यायलं आणि त्याच सुमारास किरणोत्सर्गामुळे ते आजारी पडले. नंतर ते गोड पाणी टाळू लागले. पोट बिघडलं की दोष चवीवर ठेवायचा, हे शरीराला फार लवकर जमतं. रानात विषारी फळ खाऊन वाचलेल्या प्राण्याला दुसऱ्यांदा ते फळ चाखण्याची चैन परवडणारी नसते ना!

भीतीही अशीच शिकली जाते. गणिताच्या तासाला कुणी वर्गासमोर ओरडलं, सगळे हसले, असं चार वेळा झालं की गणिताचं पुस्तक उघडतानाच पोटात गोळा येतो. गणिताने काहीच केलेलं नसतं. ते बिचारं खूण बनून बसलेलं असतं. म्हणून 'मला गणित जमतच नाही' असं म्हणण्याआधी थांबा. कदाचित तुम्हाला गणित न जमण्याची अडचण नसेलच, फक्त भीती शिकली गेली असेल. शिकलेली भीती घालवता येते, याचा पुरावा आहे. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी संशोधिकेने पीटर नावाच्या एका छोट्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. पीटरला सशाची भीती वाटायची. तो आवडीचा खाऊ खात असताना सशाचा पिंजरा खोलीत लांब ठेवला जाई. हळूहळू तो जवळ, आणखी जवळ आणला गेला. शेवटी पीटर सशाला हात लावून खेळू लागला. खूण तीच राहिली, तिच्यामागून येणारी गोष्ट बदलली.

इथपर्यंतच्या बहुतेक गोष्टींत कुणी काही 'केलं' नव्हतं. वास आला, आवाज आला आणि शरीर तयार झालं. पण आपण दिवसभर कितीतरी गोष्टी करतो. त्या कशा शिकतो?

त्यासाठी पेणला परत येऊ. पेण म्हणजे गणपतींचं गाव. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. शाडूच्या मातीचा गोळा सुरुवातीला नुसता गोळा असतो. हात दाबत जातो, नको तिथली माती काढतो, हवी तिथे लावतो आणि सोंड, कान, बोटं दिसू लागतात. शेवटी डोळ्यांची आखणी होते. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1953 साली आपल्या पुस्तकात वागणुकीसाठी नेमकी हीच उपमा वापरली, मूर्तिकार आणि मातीचा गोळा! वागणूक ही माती आणि तिला दाबून आकार देणारा हात म्हणजे त्या वागण्यानंतर जे घडतं ते.

स्किनर कबुतरांना हे करून दाखवायचा. भुकेल्या कबुतराला जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्यायला शिकवायची आहे. कबुतराला भाषा येत नाही. मग स्किनर नुसता बघत बसे. कबुतराने डावीकडे जराशी मान वळवली की लगेच दाणा. ते पुन्हा मान वळवी. आता तेवढ्यावर दाणा नाही, अंगही थोडं वळलं पाहिजे. मग पाव गिरकीला दाणा, मग अर्ध्या गिरकीला. थोड्याच वेळात कबुतर गरगर फिरू लागे. अशाच पद्धतीने त्याने कबुतरांना टेबलावर चोचीने चेंडू टोलवायलाही शिकवलं होतं. याला 'साधक अभिसंधान' म्हणतात, आणि दाण्याने जे काम केलं त्याला 'प्रबलन', म्हणजे वागण्याला बळ देणं.

स्किनरच्याही आधी, 1898 साली, एडवर्ड थॉर्नडाइकने मांजरांना कडी लावलेल्या पेटाऱ्यात ठेवलं होतं. बाहेर मासा. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि चुकून कधीतरी कडी सुटे. पुढच्या वेळी धडपड कमी होई, आणि पुढे तर आत ठेवल्या ठेवल्या ते कडी काढी. ज्या कृतीनंतर चांगलं घडतं ती टिकते, उरलेल्या गळून जातात.

आपल्या रायगडात हे रोज उघड्यावर चाललेलं दिसतं. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या बोटींमागे कुरव पक्षी थव्याने उडतात. मध्य आशियातल्या थंड प्रदेशांतून आलेले हे पाहुणे समुद्रात आपलं अन्न शोधू शकतात. पण प्रवासी वेफर्स उडवतात, त्यामुळे 'बोटीमागे उडा, खाणं मिळतं' हे ते शिकले. माथेरानला माकडं हातातली पिशवी हिसकावतात. आपण घाबरून पिशवी सोडतो. पिशवी सोडली त्या क्षणी आपणच माकडाला दाणा दिला! बाली बेटावरच्या उलुवाटू मंदिरातली माकडं तर चष्मे पळवतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय परत करत नाहीत. त्यांना 'चोर' म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या वागण्याला आकार देणारे हात माणसांचेच आहेत. तळकट, खारट वेफर्स पक्ष्यांच्या पोटासाठी नाहीत आणि माणसाजवळ येण्याची सवय माकडांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून बोटीवर आणि माथेरानला पिशवीतला खाऊ पिशवीतच राहू द्या.

याच जिल्ह्यात महाड तालुक्यात वाळण कोंड नावाचा काळ नदीचा डोह आहे. तिथले मासे देवीचे मानतात, त्यांना कुणी पकडत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि मोठमोठे मासे पाण्यावर गोळा होतात. दुसऱ्या नदीतला मासा काठावर माणसाची सावली पडली की तळाला पळतो. माणूस तोच, पण एका जागी तो खाण्याची खूण आहे आणि दुसऱ्या जागी जाळ्याची. माशांनी आपल्याबद्दल काय शिकावं, हे आपण कसे वागतो त्यावर ठरतं.

आणखी एक कोडं. कुरवांना दर वेळी वेफर मिळत नाही. मग ते कंटाळत का नाहीत? याचं उत्तर स्किनरला अडचणीतून सापडलं. त्याच्या प्रयोगात उंदराने दांडी दाबली की खाण्याची गोळी मिळायची. या गोळ्या तो स्वतः बनवायचा आणि त्या संपत आल्या. मग त्याने दर दांडी दाबण्याला गोळी देण्याऐवजी मधून मधून द्यायला सुरुवात केली. उंदीर दांडी दाबतच राहिले! पुढच्या प्रयोगांतून कळलं की कधी मिळेल ते सांगता येत नाही असं बक्षीस मिळत राहिलं, तर सवय सगळ्यात चिवट होते. मोबाइलवर बोट पुन्हा पुन्हा का सरकतं, ते आता कळलं? दहा व्हिडिओ रटाळ, अकरावा धमाल. पुढचा धमाल कधी येईल माहीत नाही, म्हणून बोट थांबत नाही. त्यात तुमचा दुबळेपणा नाही. ते बक्षीसच तसं मांडलेलं आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला की खूणच नजरेआड होते, आणि हे नुसत्या निश्चयापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

घरातही पाहा. धाकटा भाऊ दुकानासमोर भोकाड पसरतो, आई दोन वेळा नाही म्हणते, तिसऱ्यांदा चॉकलेट घेऊन देते. भाऊ शिकला, 'रडलं की चॉकलेट मिळतं.' आईही शिकली, 'चॉकलेट दिलं की रडणं थांबतं.' दोघंही एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही!

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. घरी कोंबड्या असतील किंवा काचेच्या टाकीत मासे असतील, तर रोज खाणं टाकण्याआधी एक ठरावीक आवाज करा. कोंबड्यांसाठी वाटी हळूच वाजवा, माशांसाठी टाकीशेजारी टेबलावर दोनदा बोट आपटा. लगेच खाणं द्या. वहीत तारीख लिहा आणि आवाजानंतर ते कुणीकडे वळतात तेही नोंदवा. खाण्याआधीच ते तुमच्याकडे येऊ लागले की समजा, खूण पक्की झाली. त्यांना उपाशी ठेवू नका, घाबरवू नका आणि खूण दिली की खाणं नक्की द्या.

दुसरा प्रयोग स्वतःवर. बदलायची एकच सवय निवडा आणि आठवडाभर दोन प्रश्न लिहीत जा. ती गोष्ट करण्याआधी काय झालं? केल्यावर काय मिळालं? पहिल्या उत्तरात खूण सापडेल, दुसऱ्यात बक्षीस. त्यातलं एक जरी बदललं तरी सवय हलायला लागते. आणि हेच दोन प्रश्न दुसऱ्यांसाठीही विचारा. वर्गातला एखादा मुलगा सारखा दंगा करत असेल, तर तो दंगा केल्यावरच सगळे त्याच्याकडे बघतात का? तसं असेल तर त्याने शांतपणे चित्र काढलेलं असताना त्याच्याजवळ जा आणि चित्र कसं काढलं ते विचारा. त्याच्या सवयीला आकार देणाऱ्या हातांत तुमचाही हात आहे.